एमिल गाले : काचेत रानफुलं उमलवणारा कलावंत



आपल्या शाळेच्या वेळापत्रकात विज्ञानाचा तास वेगळा, चित्रकलेचा वेगळा आणि मूल्यशिक्षणाचा त्याहून वेगळा. घंटा झाली की एक पुस्तक दप्तरात जातं आणि दुसरं बाहेर येतं. मग मुलांनाही हळूहळू असंच वाटू लागतं, की फुलाचे भाग पाठ करायचे ते विज्ञानात, फूल रंगवायचं ते चित्रकलेत आणि खऱ्याची बाजू घ्यायची ती फळ्यावरच्या सुविचारात. आज ज्या माणसाची ओळख करून घ्यायची आहे, त्याच्या आयुष्यात हे तिन्ही तास एकाच वर्गात भरत होते. त्याचं नाव एमिल गाले. देश फ्रान्स, गाव नान्सी आणि काम काचेचं.

काच म्हटलं की आपल्याला काय आठवतं? खिडकीची तावदानं, पाण्याचे ग्लास, बांगड्या. काच पारदर्शक असावी, गुळगुळीत असावी, तिच्यात बुडबुडा किंवा डाग नसावा, अशी आपली अपेक्षा. गाले यांनी नेमकं उलट केलं. त्यांनी काच धूसर केली, तिच्यात बुडबुडे राहू दिले, तिला तडे दिले, तिच्यात सोन्याचांदीचे वर्ख अडकवले आणि त्या सगळ्यातून धुकं, पाणी, चिखल, पहाट आणि रानफुलं उभी केली. आज त्यांच्या फुलदाण्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण ही गोष्ट फक्त सुंदर फुलदाण्यांची नाही. जे डोळ्यांना नीट दिसलं आहे, ते दिसलं असं उघडपणे सांगण्याची किंमत किती असते, याचीही ती गोष्ट आहे.

दुकानातलं बालपण आणि वनस्पतींचं वेड

एमिलचा जन्म ४ मे १८४६ रोजी नान्सी इथे झाला. नान्सी हे फ्रान्सच्या पूर्वेकडचं, लॉरेन प्रांतातलं शहर. वडील शार्ल गाले यांचा चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचा व्यापार होता. दुकान मूळचं एमिलच्या आजोळचं. वडिलांनी ते वाढवलं. ताटं, सुरया, पेले यांच्यातच मुलगा मोठा झाला. भांड्यांवर काढायच्या फुलापानांच्या नक्षीसाठी तो लहान वयातच वडिलांना मदत करू लागला.

पण त्याचा खरा जीव रमायचा तो वनस्पतींत. नान्सीमध्ये त्या काळी गोद्रों नावाचे एक विद्वान वनस्पतिशास्त्रज्ञ होते. लॉरेन प्रांतातल्या वनस्पतींवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता. एमिल त्यांच्याकडून वनस्पतिशास्त्र शिकला. शिकला म्हणजे नुसती नावं घोकली नाहीत, बरं का. रानात हिंडायचं, रोपं गोळा करायची, ती दाबून वाळवायची, पान देठाला कसं चिकटलंय, कळी कुठल्या बाजूने उलगडते, हे बारकाईने बघायचं.

हे वेड पुढे आयुष्यभर टिकलं. काचेचा मोठा कारखानदार झाल्यावरही गाले नान्सीच्या उद्यानविद्या संस्थेचे चिटणीस म्हणून काम करत होते. घराभोवती त्यांनी मोठी बाग केली होती. १९०० साली पॅरिसला वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा लॉरेनमधल्या रानटी ऑर्किडवर त्यांनी निबंध सादर केला. एकाच जातीच्या फुलांत एकमेकांपेक्षा वेगळी रूपं कशी दिसतात, हा त्याचा विषय. म्हणजे हा हौशी फूलवेडा नव्हता. अभ्यासकांच्या बरोबरीने बसणारा अभ्यासक होता.

त्यामुळे त्यांच्या फुलदाणीवरची फुलं कधीच नुसती छान छान फुलं वाटत नाहीत. बाजारातल्या नक्षीत असतं तसं पाच पाकळ्यांचं गोलमटोल फूल तिथे सापडणार नाही. तिथे काटेरी रानफूल असतं, कोमेजायला आलेली पाकळी असते, अळीने कुरतडलेलं पान असतं, गवताच्या पात्यावर बसलेला चतुर असतो. बघणाऱ्याला ती वनस्पती ओळखता येते, असं ते काम.

भट्टी, युद्ध आणि सरकलेली सीमा

शाळा संपल्यावर एमिल जर्मनीतल्या वायमार शहरी शिकायला गेला. तिथून परतल्यावर १८६६-६७ च्या सुमारास तो मायझेंताल या गावच्या काच कारखान्यात दाखल झाला. मालकाचा मुलगा कचेरीत बसून हिशेब बघू शकला असता. हा मात्र भट्टीपाशी उभा राहिला.

काचेचं काम कसं चालतं ते थोडक्यात बघू. मुलांना सांगताना उपयोगी पडेल. वाळू, सोडा किंवा पोटॅश आणि चुना यांचं मिश्रण भट्टीत १४०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळवतात. मधासारखा दाट रस तयार होतो. लोखंडी फुंकनळीच्या टोकावर कारागीर त्या रसाचा गोळा घेतो, नळी सतत फिरवत राहतो आणि दुसऱ्या टोकाने हवा फुंकतो. गोळा फुगतो. मग लाकडी साच्याने, चिमट्याने, ओल्या कागदाच्या घडीने त्याला आकार द्यायचा. गार होऊ लागला की पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरायचा. वस्तू झाली की ती थेट हवेत ठेवायची नाही. वरचा भाग आधी गार होऊन आवळतो, आतला अजून गरमच असतो, आणि त्या ओढाताणीत काच तडकते. म्हणून तिला वेगळ्या भट्टीत सावकाश निववावं लागतं.

रंगसुद्धा रसायनशास्त्रच. कोबाल्ट घातलं की निळा, मँगनीज घातलं की जांभळा, लोह घातलं की हिरवट, आणि सोन्याचा अगदी थोडा अंश घातला की माणकासारखा लाल. हे सगळं एमिल तिथे शिकला.

तेवढ्यात १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. चोवीस वर्षांचा एमिल स्वेच्छेने सैन्यात गेला. फ्रान्स हरला. १८७१ च्या तहात अल्सास आणि लॉरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला. नान्सी फ्रान्समध्येच राहिलं, पण आता ते सीमेजवळचं शहर झालं. मायझेंतालची भट्टी मात्र सीमेपलीकडे, जर्मनीत गेली. विचार करा, ज्या गावात आपण काम शिकलो ते गाव एका सहीने परदेश झालं! सीमेपलीकडची कितीतरी फ्रेंच कुटुंबं नान्सीत येऊन राहिली. त्यांत कारागीर होते, उद्योजकही होते.

ही सल गाले यांच्या कामात पुढे वारंवार दिसते. नान्सीचं चिन्ह असलेलं काटेरी फूल आणि लॉरेनचा दोन आडव्या दांड्यांचा क्रूस त्यांनी किती वस्तूंवर कोरला असेल, त्याला गणती नाही. तरीही गंमत बघा, पुढची अनेक वर्षं त्यांच्या काचवस्तू बनत होत्या त्या त्याच मायझेंतालला. तिथल्या कारागिरांशी जुळलेलं नातं नकाशावरच्या रेषेने तोडलं नाही. नान्सीमध्ये स्वतःची काचभट्टी त्यांनी पेटवली ती १८९४ मध्ये.

चांदण्याच्या रंगाची काच

युद्धानंतर वडिलांच्या कामासाठी एमिल लंडनला गेला. तिथल्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात देशोदेशीच्या कारागिरीचा त्याने अभ्यास केला. १८७५ मध्ये हेन्रिएट ग्रिम हिच्याशी त्याचं लग्न झालं. त्यांना चार मुली झाल्या. १८७७ मध्ये वडिलांनी कारभार मुलाच्या हाती दिला. इथून पुढे आपण त्यांना गाले म्हणू.

दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी एक नवी काच मांडली. वितळलेल्या काचेत कोबाल्टचा अगदी किंचित अंश घातलेला. दिसायला निळी म्हणावी तर निळी नाही, पांढरी म्हणावी तर पांढरी नाही. चांदण्यात दूध सांडल्यासारखी. तिचं नावही त्यांनी चांदण्यावरूनच ठेवलं. लोकांना ती इतकी आवडली की इतर देशांतले कारखानदार तिच्या नकला करू लागले.

सुरुवातीच्या या वस्तूंवर मीनाकामाची नक्षी असे. पारदर्शक काचेवर रंगीत मीना लावायचा आणि पुन्हा भाजून पक्का करायचा, ही जुनी पद्धत. अरब आणि इराणी काचकामाच्या धर्तीवरही त्यांनी बऱ्याच वस्तू केल्या. पण लवकरच त्यांना जाणवलं, की चित्र काचेच्या वर बसतंय, काचेत उतरत नाहीये.

यातून बाहेर पडायला त्यांना पूर्वेकडच्या कलेने मदत केली. १८८५ मध्ये ते बर्लिनला गेले आणि तिथल्या संग्रहालयातल्या चिनी काचवस्तू त्यांनी बारकाईने पाहिल्या. त्या एकावर एक रंगीत थर देऊन, मग कोरून केलेल्या होत्या. त्याच वर्षी नान्सीच्या वनविद्यालयात ताकाशिमा नावाचे एक जपानी अधिकारी शिकायला आले. ते वनस्पतींचे जाणकार तर होतेच, शिवाय उत्तम चित्रकारही होते. त्यांची गाले यांच्याशी आणि शहरातल्या इतर कलावंतांशी ओळख झाली. एक काडी, तिच्यावर एक किडा, आणि बाकी मोकळी जागा, ही जपानी चित्रांची रीत गाले यांच्या मनात आधीच घर करून होती. आता ती समोर बसून बघता आली.

जुनी चकती आणि नवं आम्ल

आता त्यांच्या कामाचा गाभा समजून घेऊ. फुंकनळीवर आधी एका रंगाच्या काचेचा गोळा घ्यायचा. तो दुसऱ्या रंगाच्या रसात बुडवायचा, मग तिसऱ्या. कांद्याला पापुद्रे असतात तसे एकावर एक रंगीत थर चढतात. फुंकून, आकार देऊन, निववून झालं की वस्तू तयार. पण चित्र अजून आतच दडलेलं असतं. वरचे थर नेमक्या जागी, नेमक्या खोलीपर्यंत काढले की खालचा रंग दिसू लागतो. वरचा जांभळा ठेवला तिथे फूल, थोडा खरवडला तिथे फिकी पाकळी, पूर्ण काढला तिथे मागचं पिवळं आकाश.

हे काढायचं कसं? पहिली रीत जुनी, हाताची. तांब्याची छोटी चकती फिरत असते, तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड असते, आणि कारागीर वस्तू हातात धरून चकतीवर टेकवत राहतो. एकेका फुलदाणीला कितीतरी दिवस लागत. हात एकदा घसरला की सगळं वाया.

दुसरी रीत त्या काळी नवी, रसायनाची. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं. जो भाग राखायचा त्यावर डांबरासारखा लेप ब्रशने लावायचा आणि वस्तू आम्लात बुडवायची. उघडा भाग झिजतो, झाकलेला राहतो. बाहेर काढून, धुऊन, पुन्हा वेगळ्या जागी लेप लावून पुन्हा बुडवायची. अशा दोन-तीन फेऱ्यांत उठावाचं चित्र तयार होतं. हे आम्ल अतिशय घातक. कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं, त्याच्या वाफाही विषारी. आजच्यासारखी संरक्षक साधनं तेव्हा नव्हती. त्या सुंदर फुलांमागे कामगारांनी पत्करलेला धोका आहे, हेही मुलांना सांगायला हवं.

गाले यांनी या दोन्ही रीती एकत्र वापरल्या. आम्लाने ढोबळ आकार, चकतीने शेवटचा बारकावा. नवं आलं म्हणून जुनं टाकलं नाही आणि जुनं पवित्र म्हणून नवं नाकारलं नाही. मात्र कुठल्या वस्तूला काय, हे ठरवताना त्यांचा एक हिशेब होता. एखादी वस्तू एकच करायची असेल, तर तिच्यावर हाताचं काम मन लावून व्हायचं. अशी वस्तू श्रीमंत घरात किंवा संग्रहालयातच जाणार. पण सामान्य घरातही एखादी सुंदर वस्तू असावी, असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून आम्लाच्या मदतीने एकाच चित्राच्या अनेक फुलदाण्या, दिवे, वाडगे ते काढत.

यावर टीकाही होते. कारखान्यातून निघालेल्या त्या वस्तूंना कला म्हणायचं का, असं काही जाणकार विचारतात. प्रश्न खरा आहे. शंभरावी फुलदाणी पहिलीइतकी जिवंत नसते, हे कबूल करायला हवं. पण गाले यांनी दोन्हींसाठी चित्र मात्र एकाच प्रामाणिकपणे काढलं. कारखान्यातल्या चित्रकारांसमोर नमुना म्हणून जुन्या नक्षीचं पुस्तक नसे, खरी झाडंफुलं असत. ते स्वतः भट्टीवर रोज फुंकत बसत नव्हते. ते रेखाटनं करत, रंगांच्या आणि पद्धतीच्या बारीक सूचना लिहीत, आणि कुशल कारागिरांकडून काम करून घेत. म्हणजे गाले हे नाव जितकं एका माणसाचं, तितकंच ते शेकडो हातांचं आहे.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना काचेसाठी सर्वोच्च पारितोषिक मिळालं, मातीकामासाठी सुवर्णपदक आणि लाकडी सामानासाठी रौप्यपदक. हो, एव्हाना ते लाकडी जडावकामही करू लागले होते.

काचेतलं जडावकाम

त्या लाकूडकामातूनच त्यांना पुढची कल्पना सुचली असावी. लाकडात जसे वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे बसवतात, तसे काचेत काचेचे बसवता येतील का? १८९८ मध्ये त्यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं. वस्तू अजून गरम, मऊ असतानाच रंगीत काचेचे तापवलेले तुकडे तिच्या अंगात दाबून बसवायचे, सपाट करायचे, आणि गार झाल्यावर त्या तुकड्यांवर पाकळ्या-शिरा कोरायच्या.

ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच खरी परीक्षा. प्रत्येक रंगात वेगळं रसायन, त्यामुळे गार होताना प्रत्येक रंगाची काच कमीजास्त आवळते. एक तुकडा इतरांपेक्षा जास्त आवळला की वस्तूला तडा. पुन्हा पुन्हा भट्टीत घालावं लागे, तो प्रत्येक वेळी धोका. कितीतरी वस्तू फुटत. ज्या वाचत त्यांतही बुडबुडा, डाग, अनपेक्षित रंग असे. गाले त्या डागाकडे बघत आणि विचार करत, की याचं काय होऊ शकेल? डागाचं शेवाळ होई, बुडबुड्याचा दवबिंदू होई, धूसर पट्ट्याचं धुकं होई.

एका अनोळखी माणसासाठी

आता गोष्टीचा दुसरा भाग. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातल्या आल्फ्रेड ड्रेफस नावाच्या अधिकाऱ्यावर जर्मनीला गुपितं पुरवल्याचा आरोप झाला. ड्रेफस ज्यू होते. पुरावा कच्चा होता, तरी त्यांना दोषी ठरवून दूरच्या बेटावर जन्मठेपेला पाठवलं. पुढे खरा गुन्हेगार दुसराच असल्याचे पुरावे मिळाले, पण सैन्याने ते दडपले. जानेवारी १८९८ मध्ये लेखक एमिल झोला यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला, आणि सगळा फ्रान्स दोन तट पडून भांडू लागला.

नान्सीची परिस्थिती आणखी नाजूक. सीमेवरचं शहर, १८७१ ची जखम ताजी, सैन्याबद्दल अपार आदर. तिथे ड्रेफस यांची बाजू घेणं म्हणजे देशद्रोह, अशी बहुतेकांची भावना. आणि गाले काय करणार होते? ते व्यापारी. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे हीच प्रतिष्ठित मंडळी. ते स्वतः युद्धात गेलेले, लॉरेनवर जीव टाकणारे. गप्प बसले असते तर कोणी काही म्हटलं नसतं.

पण गाले उघडपणे ड्रेफस यांच्या बाजूने उभे राहिले. फेरतपासणीच्या मागणीवर त्यांनी सही केली, मानवी हक्कांसाठी स्थापन झालेल्या संघटनेच्या नान्सी शाखेत ते काम करू लागले. हेन्रिएट त्यांच्यासोबत होत्या. परिणाम व्हायचा तोच झाला. जुने मित्र दुरावले, गिऱ्हाइकं तुटली, शहरात त्यांच्याविरुद्ध बोललं जाऊ लागलं.

१९०० मध्ये पुन्हा पॅरिसचं जागतिक प्रदर्शन आलं. सगळ्या जगाचे ग्राहक तिथे येणार. अशा वेळी शहाणा व्यापारी काय मांडेल? सगळ्यांना रुचेल असं काहीतरी. गाले यांनी तिथे काचेची एक भट्टीच उभी केली, आणि तिच्यासोबत एक फुलदाणी ठेवली. तिच्यावर काळोख्या, विद्रूप माणसांच्या आकृत्या वर येताना दिसतात. खोटेपणा आणि द्वेष पसरवणाऱ्यांची ती चित्रं होती. रेखाटन करायला त्यांचे मित्र, चित्रकार व्हिक्टर प्रूव्हे यांनी मदत केली होती. बघणाऱ्यांना रोख कुणाकडे आहे ते कळत होतं. आर्मेनियातल्या लोकांच्या कत्तलीबद्दलही त्यांनी त्याच काळात एक फुलदाणी केली होती. काचेची शोभेची वस्तू अन्यायाबद्दल बोलू शकते, ही गोष्ट तेव्हाच्या लोकांना नवीन होती. प्रदर्शनात त्यांना पुन्हा सर्वोच्च सन्मान मिळाला, पण घरच्या गावातला दुरावा लगेच मिटला नाही.

शेवटची वर्षं

तरीही गाले गावावर रुसून बसले नाहीत. १९०१ मध्ये त्यांनी नान्सीतल्या कलावंत-कारागिरांची संघटना उभी केली. फर्निचर करणारे लुई माजोरेल, सुतारकामातले यूजेन व्हालें, काचकामातले त्यांचे स्पर्धक डोम कुटुंबातले आंतोनें डोम, असे सगळे त्यात आले. गाले अध्यक्ष. कारागिरांच्या मुलांना चांगलं कलाशिक्षण मिळावं, कारखाने आणि कलावंत एकत्र यावेत, हा हेतू. स्पर्धकाला सोबत घेऊन शाळा काढायचं बोलणारा हा व्यापारी!

पण तब्येत ढासळत होती. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. याच आजारपणात त्यांनी काचेचा एक हात केला. समुद्रातून वर येणारा किंवा समुद्रात बुडणारा मानवी हात, बोटांभोवती शेवाळ आणि शिंपले गुंडाळलेले. तो निरोप घेतोय की काहीतरी वर आणतोय, हे बघणाऱ्याने ठरवायचं. हा हात आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्याच वर्षी त्यांनी एक पलंगही पूर्ण केला. त्याच्या दोन्ही टोकांना पंख पसरलेले प्रचंड पतंग, एक संध्याकाळचा आणि एक पहाटेचा, लाकूड, शिंपला आणि काच यांच्या जडावात. तो नान्सीच्या संग्रहालयात बघायला मिळतो.

२३ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, गाले गेले. ड्रेफस निर्दोष असल्याचा अंतिम निकाल लागला १९०६ मध्ये. तो ऐकायला ते नव्हते.

हेन्रिएट यांनी कारखाना चालू ठेवला. गाले यांच्या मृत्यूनंतर काही वर्षं वस्तूंवरच्या त्यांच्या सहीशेजारी एक छोटा तारा कोरला जाई, म्हणजे ही वस्तू ते गेल्यानंतरची आहे हे घेणाऱ्याला कळावं. एवढा छोटा खरेपणाही या घराने सांभाळला. १९१४ मध्ये हेन्रिएटही गेल्या. कारखाना पुढे चालला आणि १९३० च्या दशकात बंद पडला.

वर्गात काय करता येईल?

आता आपल्या कामाचं. ही गोष्ट साधारण सातवी ते नववीच्या मुलांना सांगता येईल. सोबत पुढचे उपक्रम घेऊन बघा.

१. रस्त्याकडेचं रोप : प्रत्येकाने शाळेच्या वाटेवरचं एक साधं रोप निवडावं. टाकळा, घाणेरी, आघाडा, काहीही चालेल. भिंगातून बघून त्याचं चित्र काढायचं. किडलेलं पान किडलेलंच काढायचं, सरळ करायचं नाही. खाली वनस्पतीचं नाव आणि दिसलेल्या तीन गोष्टी लिहायच्या. विज्ञान आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी हा तास मिळून घेतला तर उत्तम.

२. थरांचं चित्र : जाड कागदावर मेणाच्या खडूंनी पिवळा, नारिंगी, हिरवा असे रंग दाट भरायचे. त्यावर काळ्या खडूचा जाड थर द्यायचा. मग बोथट काडीने किंवा शाई संपलेल्या पेनने खरवडून चित्र काढायचं. खालचा रंग दिसू लागला की गाले यांच्या थरांच्या काचेची कल्पना मुलांना न सांगताच कळते.

३. लेप आणि रंग : पांढऱ्या मेणाने कागदावर फूल काढायचं आणि वरून पातळ जलरंग फिरवायचा. मेण असलेली जागा कोरी राहते. आम्लाच्या कामात लेप हेच करतो.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा. काच कोरायची रसायनं बाजारात किंवा ऑनलाइन मिळाली तरी ती वर्गात किंवा घरी मुलांच्या हाती देऊ नका. फुटलेल्या काचेचे तुकडेही नकोत. वरचे उपक्रम कागदावर आहेत ते याचसाठी.

४. चर्चा : शेवटी मुलांपुढे हा प्रश्न ठेवा. गाले यांचा धंदा गिऱ्हाइकांवर चालत होता, शेकडो कामगारांचे पगार त्यावर होते. मग ड्रेफस यांची बाजू घेऊन त्यांनी बरोबर केलं का? घाईने उत्तर सांगू नका. कामगारांची बाजू मांडणारी मुलं असतील, तीही ऐकून घ्या. गप्प राहिले असते तर कुणाचं काय वाचलं असतं आणि कुणाचं काय गेलं असतं, याचे दोन रकाने फळ्यावर करा आणि मुलांनाच ते भरू द्या. पालकांनो, हीच चर्चा घरी जेवतानाही होऊ शकते. मुलांची उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि वर्षभराने हाच प्रश्न पुन्हा विचारा.